अण्णांचे पेन्शन आणि आमचे हप्ते

"तुमच्या पिढीला पैसा पुरत नाही, त्याचे कारण महागाई नाही, तुमच्या गरजा आहेत," असे अण्णा गेल्या रविवारी म्हणाले आणि त्या एका वाक्यावरून आमचा कट्टा रात्री साडेदहापर्यंत उठला नाही. डोंबिवलीत फडके रोडवर, गणेश मंदिराच्या अलीकडे, एका बंद पडलेल्या दुकानाच्या पायऱ्यांवर आम्ही चौघे गेली कित्येक वर्षे बसतो. अण्णा राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले आहेत. मास्तर एका अनुदानित शाळेत गणित शिकवतात, तिसरा मित्र बँकेच्या कर्जविभागात असल्यामुळे सगळे त्याला मॅनेजर म्हणतात, आणि मी ऐरोलीतील एका खासगी कंपनीत नोकरी करतो. त्या संध्याकाळी जे बोलले गेले ते नेहमीच्या कुरकुरीपेक्षा वेगळे होते, म्हणून लिहून ठेवतो आहे.

अण्णांची बाजू हलकी नव्हती. दीड खोलीत सात माणसे राहिली, वाण्याची वही दर महिन्याला पगाराच्या दिवशी चुकती केली, कपडे दिवाळीलाच घेतले आणि त्यातूनच घर झाले, दोन्ही मुली पदवीधर झाल्या, असे त्यांनी सांगितले. "आणि तुम्हाला तर २०२५ च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंत आयकर माफ केला. १९७३-७४ साली आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता, हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का?" मॅनेजर शांतपणे म्हणाला, "अण्णा, तो दर खरा आहे, पण तो अतिश्रीमंतांसाठी होता. तुमच्या पगाराला तो कधी शिवलाही नाही." अण्णांनी ते मान्य केले.

मग मास्तरांनी विचारले, "तुमच्या मुली कोणत्या शाळेत शिकल्या?" अर्थातच इथल्याच अनुदानित मराठी शाळेत. शिक्षकांचा पगार सरकार देत होते आणि घरातून जाणारी फी नाममात्र होती. मास्तर पुढे जे बोलले ते बोलताना त्यांचा आवाज जड झाला होता. त्यांची स्वतःची मुलगी त्यांच्या शाळेत नाही, ती फीवर चालणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. अण्णा त्यावर चिडले, पण मास्तरांचे उत्तर साधे होते: "माझ्या शाळेतले दोन शिक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागा अजून रिकाम्या आहेत. मी तीन वर्गांना एकाच वेळी गणित शिकवतो. मुलीला तिथे कोणत्या विश्वासावर घालू?" राज्यात २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आल्यानंतर नव्या शाळा मुख्यतः पालकांच्या फीवर उभ्या राहिल्या. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले होते आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणालाही तोच आकडा पुन्हा लिहावा लागला. मधल्या चोपन्न वर्षांतील तूट ज्यांना शक्य होते त्या पालकांनी स्वतःच्या खिशातून भरून काढली आणि ज्यांना शक्य नव्हते त्यांच्या मुलांनी ती सोसली.

घराचा विषय मीच काढला, कारण तो माझ्या अंगावरून गेला आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मी ४० लाखांचे कर्ज ६.७५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तेव्हा हप्ता सुमारे ३०,४०० रुपये होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला आणि माझा व्याजदर ९.२५ झाला. तोपर्यंत मुद्दल साडेअडतीस लाखांवर आले होते, पण त्यावरचे महिन्याचे व्याजच २९,६०० रुपयांच्या पुढे जात होते, म्हणजे जुन्या हप्त्यातले जेमतेम सातशे रुपये मुद्दलात जमा झाले असते. मॅनेजरने मोबाइलवर हिशेब करून दाखवला की, दर तसाच राहिला आणि हप्ता वाढवला नाही, तर ते कर्ज फिटायला आणखी चाळीस वर्षे लागतील. मला हप्ता जवळपास सहा हजारांनी वाढवून घ्यावा लागला. कर्जाची मुदत परस्पर लांबवण्याऐवजी कर्जदाराला पर्याय द्या, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितले. २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा हप्ताही उतरला, हे खरे आहे. पण मधली दोन वर्षे आईच्या औषधांखेरीज घरातला प्रत्येक खर्च आम्ही पुढे ढकलत होतो.

"मी घरबांधणीसाठी सरकारकडून अग्रिम घेतले होते," अण्णा म्हणाले, "पगारातून ठरलेली रक्कम कापली जायची, ती अखेरपर्यंत तेवढीच राहिली." माझे म्हणणे नेमके इथेच होते आणि ते मी तिथे जितक्या कळकळीने मांडले तितक्याच कळकळीने इथे मांडतो. अण्णांच्या आणि आमच्या पिढीतला खरा फरक मोबाइल आणि हॉटेलांचा नाही. व्याजदर वाढला तर काय, आजारपण आले तर काय, साठीनंतर काय, या प्रत्येक प्रश्नाची जोखीम तेव्हा सरकारने किंवा मालकाने बऱ्याच अंशी उचललेली होती. आता ती एकेका कुटुंबावर येऊन पडली आहे आणि पगारवाढीचा मोठा भाग ती पेलण्यातच खर्च होतो.

मॅनेजरला हे पूर्ण पटले नाही आणि त्याचे आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते. आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांनी थेट खिशातून भरायचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू आहे. मग जोखीम वाढली असे कसे म्हणायचे? मास्तर म्हणाले की, त्या ३९ टक्क्यांत विम्याचा हप्ता धरलेला नसतो, तो वेगळा मोजला जातो. माझा अनुभव असा की, आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी जे रुग्णालय घरापासून जवळ होते ते योजनेत नव्हते, आणि विम्याने दिलेल्या रकमेवर आम्हाला दीड लाख रुपये घालावे लागले. वैयक्तिक विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्य झाला, ही मोठी सवलत आहे आणि ती बरीच आधी मिळायला हवी होती.

महागाईच्या आकड्यांवरही आमचे जुळले नाही. किरकोळ महागाईचा निर्देशांक घरखर्चातल्या वस्तू-सेवांची एक टोपली धरून मोजतात. २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या निर्देशांकात अन्न आणि पेयांचे वजन ४५.८६ टक्के होते, शिक्षणाचे ४.४६ आणि आरोग्याचे ५.८९. घराच्या कर्जाचा हप्ता तर त्या टोपलीत येतच नाही. त्यामुळे कांदा-टोमॅटो उतरले की महागाई उतरली असे जाहीर होते, आणि जूनमध्ये शाळेची पावती हातात आली की आम्हाला ते खोटे वाटते. मॅनेजरने बजावले की तो निर्देशांक खोटा नाही, तो सगळ्या देशाचा आहे आणि देशातल्या बहुतेक घरांत खर्चाचा मोठा भाग आजही खाण्यातच जातो. "२०२२-२३ मध्ये भरलेल्या सुमारे ७.४० कोटी विवरणपत्रांपैकी ५.१६ कोटी लोकांना कर शून्य होता. नियमित पगारदाराची सरासरी मिळकत महिन्याला वीस-एकवीस हजारांच्या आसपास आहे. चाळीस लाखांचे कर्ज मिळणारा तू या देशात मधला नाहीस, बराच वरचा आहेस." हे ऐकायला मला जड गेले, पण ते बरोबर आहे. मी एवढेच म्हणालो की, मग वीस हजारांवाल्याच्या घरी हीच जोखीम आल्यावर काय होत असेल? मॅनेजर गप्प राहिला. त्याच्याकडे कर्ज मागायला येणारी माणसे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

शेवटी विषय पेन्शनवर आला. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. मास्तर त्यानंतर लागले, तेही आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च २०२३ च्या संपात ते उतरले होते. खासगी नोकरीतल्या माझ्यासारख्याला भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून जी पेन्शन मिळेल तिचा हिशेब २०१४ पासून १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर अडकलेला आहे, आणि तिची किमान रक्कम महिना एक हजार रुपये आहे. त्या संपावेळी कर्मचाऱ्यांची मागणी अवास्तव आहे असे मी मास्तरांना म्हणालो होतो. ते शब्द मी रविवारी परत घेतले.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "धाकटीच्या मुलाची फी दोन वर्षांपासून माझ्या पेन्शनमधून जाते. जावयाची कंपनी बंद झाली तेव्हापासून. हे मी घरात बोलत नाही." मास्तरांनी विचारले, "आणि मोठीकडचे?" अण्णा म्हणाले, "त्यांच्या घराचा हप्ता वाढला तेव्हा तीन महिने मीच भरला." त्यानंतर ते काठी घेऊन उठले, आणि आम्ही तिघेही त्यांना घरापर्यंत सोडायला निघालो.