नुसती हवा भरनी शे

पोराला दहावीत बरे मार्क पडले, आता सायकल घ्यायची म्हणताय? घ्या, जरूर घ्या. फक्त दुकानात गेल्यावर एक पथ्य पाळा: सायकलीवर बसून बघू नका, लांबूनच बघा. जाड टायर, पुढेमागे डिस्क ब्रेक, नळीवर वीज कडाडल्याचं स्टिकर आणि सीटखाली लाल स्प्रिंग. स्प्रिंग रस्त्याच्या पलीकडून दिसली पाहिजे, नाहीतर शेजाऱ्यांना कळणार कसं? ती कशाला लावलीय हे दुकानदाराला विचारू नका, उगाच त्याची पंचाईत होते. मी सांगतो. पोरगं पॅडलवर जोर देतं, त्यातला काही जोर चेनला मिळतो आणि काही ती स्प्रिंग बसल्या बसल्या खाते. घरात एखादा पाहुणा महिनोन्‌महिने राहतो ना, तशी.

मी अमळनेरात बावीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून माझी चूल पेटते. तेव्हा हे चार शब्द कृतज्ञतेपोटी समजा.

गिअर 21 च घ्या. पुढे 3 चकत्या, मागे 7, गुणाकार 21. त्यातले बरेच एकमेकांचे जुळे भाऊ असतात, चालवणाऱ्याला फरक कळत नाही, पण आकडा भारदस्त वाटतो. तोरणमाळचा घाट चढायचा असता तर गोष्ट वेगळी. तुमच्या पोराच्या वाटेवर, घर ते क्लास, सगळ्यात मोठा चढ म्हणजे स्पीड ब्रेकर. पहिल्या आठवड्यात तो सगळे गिअर टाकून बघेल, दुसऱ्या आठवड्यात चेन पुढे सगळ्यात मोठ्या आणि मागेही सगळ्यात मोठ्या चकतीवर तिरपी ताणून बसेल, आणि मग कायमची तिथेच राहील. एकदा सायकल उजव्या अंगावर पडली की मागचा गिअर ज्याला लटकतो तो कान वाकतो आणि गिअर थेट चाकाच्या तारांत घुसतो. मी कान सरळ करून देतो. तो पुन्हा वाकतो. आमचं असं छान चाललंय.

साइज निवडताना शर्ट घेतो तसं करा: वाढत्या अंगाची घ्या. पोरगं सीटवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत? टेकतील, दोन वर्षांनी. तोवर ते नळीवर उतरून थांबायला शिकेल. नळीवर कसं उतरतात ते मी इथे लिहीत नाही.

ऑनलाइन मागवली तर उत्तमच. खोक्यावर ‘85 टक्के जोडलेली’ असं लिहिलेलं असतं. उरलेले 15 टक्के तुम्ही घरी जोडायचे, आणि माझं पोट त्याच 15 टक्क्यांवर आहे. हँडल सरळ दिसलं की झालं, त्याखालचा, पुढचं चाक धरणारा चिमटा उलटा बसला तरी बिघडत नाही. फार तर वळताना बूट पुढच्या चाकाला घासेल. खरी मजा पॅडलची. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. सरळ असते तर पाय मारता मारता पॅडल आपोआप सुटत गेलं असतं. हे कोणीतरी शंभर वर्षांपूर्वीच डोकं लावून ठरवून ठेवलंय. पॅडलच्या दांडीवर बारीक एल आणि आर कोरलेलं असतं. ते वाचू नका. उजवं पॅडल डाव्या बाजूला लावा, दोन फेरे फिरून अडकलं की मोठा पान्हा आणा, पान्ह्याला पाइप लावा, वर शेजारच्या काकांना उभं करा. कर्र असा आवाज आला की समजायचं, बसलं. तिसऱ्या दिवशी पोरगं एका हातात सायकल, एका हातात पॅडल घेऊन माझ्याकडे येतं. क्रँकच्या, म्हणजे पॅडल ज्यात बसतं त्या दांड्याच्या, भोकात बोट फिरवलं की बोटाला चांदीची भुकटी लागते. ते सगळे आटे. ‘वेल्डिंग करी टाका ना भाऊ,’ असंही पुन्हा वर सांगतात.

आता डिस्कबद्दल. मागच्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास, दुपारी कुत्रंही रस्त्यावर नव्हतं, तेव्हा एक काका आले. चेहऱ्यावर समाधान. ‘डिस्क ची-ची करत होती, मी घरीच इलाज केला. दोन्हीकडे तेल सोडलं, आता गप्प आहे. तुम्ही फक्त हवा भरा.’ मी हवा भरली आणि सवयीने एक चक्कर मारायला निघालो. समोर रसवंती आहे. मी दोन्ही ब्रेक दाबले, हाताने जेवढे दाबता येतात तेवढे, आणि सायकल तशीच, कुठलाही आवाज न करता, रसवंतीच्या बाकड्याखाली गेली. काकांचं म्हणणं खरं होतं. डिस्क गप्प होती.

तेल प्यायलेलं पॅड कामातून जातं, नवं टाकावं लागतं. माझ्याकडे पॅडचा एक डबा भरलेला आहे: चौकोनी, गोल, कान असलेले, बिनकानाचे. त्या सायकलीचं त्यात नव्हतं. जळगावला नव्हतं, धुळ्याला नव्हतं. ज्याने ती सायकल बनवली त्याने पुढच्या वर्षी ब्रेकच बदलला होता. शेवटी जवळपासचं एक पॅड कानशीने घासून बसवलं. मग चाक उचलून फिरवलं तर सर्र... सर्र..., प्रत्येक फेऱ्याला एकदा. म्हणजे डिस्कचा पत्रा वाकलेला. एवढा पातळ असतो की टेम्पोत सायकलवर सायकल टाकली तरी वाकतो. तो पान्ह्याच्या तोंडात धरून सरळ करायला मला अर्धा तास लागला. मजुरी सांगितल्यावर काका म्हणाले, ‘नुसता पत्राच तर वाकवला तुम्ही.’

हे सगळं नको असेल तर घरातली आजोबांची काळी सायकल असते. ती मात्र ताबडतोब काढून टाका, कारण ती माझ्या धंद्याच्या मुळावर उठलेली आहे. पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40, कारण माणसाचं आणि पोत्याचं वजन मागे पडतं. पॅडलचा दांडा पकडणारी कॉटर, म्हणजे खीळ, झिजली की ठोकून काढा, नवी ठोका, आजोबांचा चहा संपायच्या आत सायकल तयार. तिचे छर्रे, कोन, कप, तुम्ही रावेरला मागा नाहीतर तळोद्याला, दुकानदार न बघता डब्यात हात घालून काढून देतो. अशा सायकलीवर मेकॅनिक जगणार कसा? पातोंड्याहून एक बाबा अजून येतात, वर्षातून एकदा, पोळ्याच्या आधी. बैलांना रंग आणि सायकलला ग्रीस, दोन्ही एकाच फेरीत. इतर वेळी रस्त्यात दिसले तर हात करतात आणि पुढे जातात. मला तर वाईटच वाटतं.

राहता राहिली निगा. ती करू नका, एवढंच. हवा भरलेल्या टायरचं पेटंट 1888 साली डनलप नावाच्या एका गुरांच्या डॉक्टरने घेतलं. पोराची तीनचाकी दगडांवर आपटते म्हणून त्याने ती खटपट केली होती. त्या टायरमध्ये अधूनमधून हवा भरायची असते ही बातमी मात्र आपल्याकडे अजून पोचलेली नाही. टायर दाबल्यावर अंगठा आत गेला तरी चालवा. खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली की शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, पंक्चर एक आणि पैसे दोनाचे. वेड्या बाभळीचा काटा लागला तर घरी पॅच लावा, पण टायरमधला काटा तसाच राहू द्या. सोल्यूशन लावल्यावर सुकेपर्यंत थांबायचं असतं, ते आमच्यासारख्या रिकामटेकड्यांचं काम.

चेनला तेल देऊ नका. द्यायचंच तर जळकं ऑइल द्या, वरून धूळ बसली की छान काळा लगदा होतो आणि पँटीला फुकट रंग मिळतो. नवी चेन पट्टीने मोजली तर 12 इंचांत बरोबर 24 कड्या बसतात. त्याच कड्या पाव सूत, अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढल्या तर मी बोलतो. एक सूत वाढल्या तर चेन संपली, आणि तिने मागचे दातेही खाल्लेले असतात. पण तुम्ही पट्टी कशाला आणाल, मीच बोंबलतो म्हणून सोडून द्या. पावसाळ्यात शेतातून येताना काळी माती मडगार्डात थापली जाते, चाक फिरायचं थांबतं. पऱ्हाटीची काडी घालून ती काढता येते. काढू नका, सायकल ओढत आणा. तसाच गोळा घेऊन ती दिवाळीपर्यंत ओट्याखाली ठेवली की मडगार्ड आतून असं गंजतं की बोट आरपार जातं.

आणि माझ्याकडे यायची वेळ: शाळा 10 ला भरत असेल तर 9 वाजून 50 मिनिटांनी. सायकल स्टँडवर लावायच्या आधीच म्हणायचं, ‘नुसती हवा भरनी शे.’ मी पंप लावला की हळूच, ‘हाऊ ब्रेक बी देखी ल्या.’ मग हँडल जरा डावीकडे जातं. मग सेंटरमधून, म्हणजे दोन्ही पॅडलांच्या मधल्या आसातून, कटकट वाजतं. मग सीट. शेवटी मी हिशेब सांगितला की डोळे मोठे करायचे: ‘हवाना बी पैसा लेतस का?’ आपण चारशेचा रिचार्ज न बोलता मारतो, पण चाळीसच्या पंक्चरला घासाघीस केली नाही तर घरी जाऊन तोंड काय दाखवायचं?

तीन वर्षांत मी एकदा सगळा खर्च कागदावर मांडून देईन. फ्रीव्हील, चेन, दोन्ही टायर, मागची रिम, पॅड जर कुठे मिळालं तर. तुम्ही आकडा बघाल आणि म्हणाल, यात थोडे घातले तर नवीच येते. बरोबर आहे. नवी घ्याच. या वेळी टायर अजून जाड बघा. जुनीचा भंगारवाला चांगला भाव देईल, तो किलोवर घेतो आणि तुमच्या सायकलीचं वजन पहिल्यापासूनच भरपूर होतं. फक्त देण्याआधी तिची घंटी काढून माझ्याकडे आणून टाका. नवीकोरी असते, एकदाही वाजवलेली नसते.