गराडूचा वास

आमचा बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बटण दाबल्यावर आधी खोकायचा, मग खाकरायचा आणि मग चालू व्हायचा. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तिचा एक माग कसा कोण जाणे रामबागेत आमच्या न्हाणीत चालू राहिला होता. आई त्यावर घड्याळ लावायची. खडखड थांबली की तवा गॅसवर.

इलेक्ट्रिशियनचं "बस भिया, पाँच मिनट में आया" तीन रविवार चाललं. चौथ्या रविवारी मी जाहीर केलं, मोटर मीच बदलणार.

"अहो, दाराची बेलसुद्धा तुम्हीच दुरुस्त केली होती," बायको एवढंच म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडे पाहुणे कडी वाजवतात.

एमसीबी पाडला, टेस्टर लावून खात्री केली, स्टुलावर चढलो. पात्यांवर काळा चिकट थर. लाडू वळता आले असते. पातं शाफ्टवर एका इवल्याशा स्क्रूने बसवलेलं आणि तो स्क्रू गंजून शाफ्टशी एकजीव झालेला. खोबरेल सोडलं, ठोकलं, विनवलं. पेचकस (पुण्याचे पाहुणे याला स्क्रू ड्रायव्हर म्हणतात) दोनदा घसरला, अंगठ्याचं साल गेलं. तासाभराने पातं निघालं आणि रोग सापडला. शाफ्ट दुधाच्या दातासारखा डुगडुगत होता.

महाराणी रोडवरच्या दुकानदाराने मोटर हातात घेऊन नुसती हलवली.

"बुश गया, भिया. बेअरिंगवाली ले जाओ. ९ इंची ना? तार का फोटो खींचा था?"

"हाँ, हाँ," मी म्हणालो. काढला नव्हता.

नव्या मोटरीला तीन वायरी: कॉमन, रनिंग, स्टार्टिंग. जुन्या मोटरीलाही तीनच, पण रंग एकाचा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. कपॅसिटर अंदाजाने जोडला. बटण दाबलं. खोकला नाही, खडखड नाही, नुसतं सूंऽऽ. सात मजली राजवाड्याच्या गच्चीवर असल्यासारखा मी स्टुलावर उभा.

"आई, ऐकलंस?"

"काय ऐकू? तू आत आहेस की बाहेर, तेही कळेना. पोळ्या कधी टाकायच्या?"

तेवढ्यात बायको नाक वर करून आली. "अहो, न्हाणीत गराडू कोण तळतंय?"

मी जाळीपुढे हात धरला. वारा बाहेर जायच्या ऐवजी गार गार तोंडावर येत होता. कपॅसिटर भलत्या वायरीवर गेला की मोटर उलटी फिरते, हे मला अकरावीत शिकवलं होतं. तिथेही मी अंदाजच लावला होता. आमचा फॅन ज्या डक्टमध्ये उघडतो, त्याच डक्टमध्ये शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. डिसेंबरातला रविवार, कढईत गराडू (इंदूरचा थंडीतला कंद, तळून खातात), वर जिरावण (इंदुरी मसाला) भुरभुरलेलं. वासावरून लिंबू पिळल्याचंसुद्धा कळत होतं.

मी पुन्हा एमसीबीकडे निघालो, तर आईने दारातच अडवलं.

"थांब जरा. त्यांचा घाणा उतरू दे."