‘हुशार पोराला मार्गदर्शक कशाला?’

सध्या एक मजकूर खूप फिरतोय: ‘गरीब घरातल्या मुलांना मार्गदर्शक नकोत. माहिती मोबाईलवर फुकट आहे, गप्पांनी गरिबी हटत नाही आणि मदत करायचीच तर कुणीही सवडीने तासभर दिला तरी पुरे.’ मार्गदर्शक म्हणजे एका मुलाला नियमित भेटून वाट दाखवणारं घराबाहेरचं मोठं माणूस. मजकुरातल्या तीन कारणांपैकी मधलं अर्धं खरं आहे, शेवटचं घातक.

आधी माहितीचं. शिष्यवृत्तीची जाहिरात मोबाईलवर दिसते, पण अर्ज बाद होतो तो दोन कागदांवर नावाचं स्पेलिंग वेगळं असल्यामुळे. घरात आधी कुणी असा अर्ज भरलेला नसेल, तर ही चूक मुदत संपल्यावरच कळते. असा अर्ज भरलेला माणूस शेजारी असेल, तर ती आधीच सापडते. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये अमेरिकेतल्या ७ कोटींहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांच्या ओळखी तपासल्या. जिथे गरीब-श्रीमंतांची मैत्री जास्त, तिथली गरीब मुलं मोठेपणी जास्त कमावताना दिसली. हा संबंध आहे, कारणाचा पक्का पुरावा नव्हे. तरी दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नाही.

गप्पांनी फी भरली जात नाही, हे कबूल. म्हणून मुलाचं प्रवासभाडं मार्गदर्शन कार्यक्रमाच्या खर्चात धरायलाच हवं, नाहीतर सगळ्यात गरजू मूलच आधी गळतं. पण ‘गप्पां’चा परिणाम मोजलेला आहे. अमेरिकेत ८ शहरांतल्या ९५९ मुलांवरच्या अभ्यासात (१९९५) मार्गदर्शक मिळालेल्यांनी न मिळालेल्यांच्या निम्म्याहून कमी दांड्या शाळेला मारल्या.

आता ‘कुणीही, सवडीने’. त्याच मुलांची आकडेवारी २००२मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा वर्षभर टिकलेल्या मूल-मार्गदर्शक जोड्यांत सर्वाधिक फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्यांत मुलांचा आत्मसन्मान उलट घसरला. ज्याला आधीच माणसं सोडून गेलीत, त्याला आणखी एक सोडून गेलेला माणूस देऊ नका. मार्गदर्शकाची पार्श्वभूमी तपासा, किमान वर्षभराचा शब्द लेखी घ्या आणि पहिल्या भेटीआधी प्रशिक्षण द्या. भेटी ठरल्या वारी, चारचौघांत दिसेल अशा जागी ठेवा. समन्वयकाने पहिल्या महिन्यात दोनदा आणि पुढे दरमहा मुलाशी, पालकांशी, मार्गदर्शकाशी वेगवेगळं बोलावं. दोन भेटी चुकल्या की लगेच. नातं थांबवावंच लागलं, तर निरोपाची भेट ठरवून घ्या, मेसेजवर उरकू नका.

यादीत २० मुलं आणि भरवशाचे मार्गदर्शक ८ असतील, तर ८च जोड्या लावा. बाकीच्या १२ जणांना ते प्रतीक्षायादीत असल्याचं स्पष्ट सांगा.