हनुवटीवरचा व्रण

आठवण म्हणजे मेंदूतलं रेकॉर्डिंग नव्हे, दर वेळी ती नव्याने जुळवली जाते, हा स्मृतीवरच्या तुमच्या लेखातला मुद्दा अगदी पटला. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग त्या लेखात हवा होता. गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवून वेग विचारताना त्यांनी काहींसाठी ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला, काहींसाठी सौम्य. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये तशी काच नव्हतीच! तरी ‘जोरात आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. एका क्रियापदाचा हा परिणाम. साक्षीदाराला प्रश्न कुठल्या शब्दांत विचारला, याचीही नोंद व्हायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

माझंच सांगते. लहानपणी जिन्यावरून पडले, हनुवटीतून रक्त आलं, फ्रॉकचा गळा ओला झाला, सगळं लख्ख आठवायचं. मागच्या वर्षी ताई म्हणाली, “अगं, पडले होते मी!” आणि हनुवटी वर करून टाक्यांचा व्रण दाखवला. माझ्या हनुवटीवर साधी रेघही नाही. तरीही डोळे मिटले की त्या जिन्यावरून मीच पडते.