‘नळी लांब तर मार लांब’ : जिंतूरच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची तक्रार थोडक्यात अशी. जुन्या शिकारी बंदुकांवरच्या लेखात तितर-सशाला २६ ते २८ इंची नळी पुरे असं मी म्हटलं, ते पुस्तकी आहे. तुमच्या आजोबांची ३२ इंची दुनळी निजामाच्या काळात पूर्णेकाठी पखुर्ड्यांसारखी उडती पाखरं ‘आभाळातून ओढून’ काढायची. दस्त्याचं, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडी भागाचं, माप काय, कोपरात धरला आणि बोट चापावर पोचलं की झालं, त्यावर अर्धा लेख कशाला? आणि शेवटी टोमणा: “मग आता नळी कापून टाकू का?”

टोमण्याचं उत्तर आधी देतो, कारण वाचणाऱ्यांतला एखादा ते खरं धरून बसायचा. कापू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. शिवाय चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवणारा नळीचा अरुंद केलेला भाग, असतो तो नळीच्या तोंडाशी, शेवटच्या काही इंचांत. तेवढा तुकडा गेला की छर्रे मोकाट पसरणार.

आजोबांच्या बंदुकीचा मार लांब होता, हे मला मान्यच आहे. पण त्याचं श्रेय तुम्ही नळीच्या लांबीला देताय, आणि ते बहुतेक चोकचं असावं. त्या जमान्यातल्या लांब नळ्यांच्या दुनळीत निदान एक नळी तरी फुल चोकची असायची. फुल चोक म्हणजे ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात साधारण ७० टक्के छर्रे. बिनचोकच्या नळीतून तिथं ४० टक्केच पोचतात. लांबीचा समज ठासणीच्या बंदुकीपासून चालत आलाय, आणि तेव्हा तो खोटा नव्हता. काळी दारू सावकाश जळते, तिला लांब नळी लागायची. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू पहिल्या १८-२० इंचांतच आपलं बहुतेक काम उरकते. त्यापुढं दर इंचाला सेकंदाला पाच-दहा फुटांचा वेग वाढतो. छर्रा निघतोच मुळी १२०० फुटांच्या वेगानं. चार इंच जास्तीच्या नळीनं पखुर्डीला काय फरक पडणार?

लांब नळीचा फायदा वेगळा आहे. ती वळवताना हिसका बसत नाही, हात मध्येच थांबत नाही. मातीच्या तबकड्यांवर नेम धरणारे ३० आणि ३२ इंची नळ्या पसंत करतात त्या याचसाठी. तुरीच्या ओळीत किंवा बोरी-बाभळीत मात्र तीच नळी अडते. आणि दुनळीची लांबी रिपीटरला, म्हणजे एकाच नळीतून पाठोपाठ बार काढणाऱ्या बंदुकीला, लावू नका. रिपीटरचा मधला सांगाडाच तीन-चार इंच जास्त असतो, त्यामुळं २६ इंची रिपीटर हातात ३० इंची दुनळीएवढी भरते.

आता दस्ता. इथं मी एक शब्दही मागे घेणार नाही. छऱ्याच्या बंदुकीला पुढं नळीच्या टोकावर माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, असते, मागं काहीच नसतं. मागची खूण म्हणजे तुमचा डोळा. तो कुठं येणार हे दस्ता ठरवतो. हिशेब करा. डोळ्यापासून माशी ३६ इंचांवर धरली आणि गाल एक सूत (इंचाचा आठवा भाग) वर बसला, तर ४० यार्डांवर मार पाच इंच वर जातो. दोन सुतांना दहा इंच. नळीचे चार इंच वाढवून ही चूक झाकत नाही.

कोपराची चाचणी फक्त पंजा ते कोपर किती लांब आहे ते सांगते. मान, गालाचं हाड, खांद्याची रुंदी यांचा तिला पत्ताच नसतो. चाप ते दस्त्याचं टोक हे अंतर विलायती बंदुकांत बहुधा १४ ते साडेचौदा इंच. साहेबाच्या मापाची ती बंदूक सव्वापाच फुटी माणसानं वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणं. लांब दस्ता काखेत अडकतो. आखूड असला की अंगठा नाकावर आपटतो. हिवाळ्यात स्वेटर चढला तरी हे माप बदलतं.

“शिकारच बंद, मग हे कशाला” असं दुसऱ्या एकानं विचारलंय. बरोबर आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेखातर तितर-ससा मारणं नाही. पण घराघरांत वारशानं आलेल्या परवान्याच्या बंदुका आहेत, रेंजवर तबकड्या फोडणारी पोरं आहेत. रोही-रानडुकरांचा प्रश्न वेगळा. तिथं वन खात्याची परवानगी लागते, आणि बारीक छऱ्यानं ते जनावर नुसतं जखमी होतं.

तुमच्याकडं आजोबांची दुनळी आहेच. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे दोनदा बघा. समोर मोकळी भिंत धरा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. माशी नळ्यांच्या मधोमध दिसायला हवी. नुसताच घोड्यांकडचा, मागचा भाग दिसत असेल तर गाल फार खाली बसतोय. दस्त्यावर गाल टेकतो तिथं पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीनं बांधा आणि थर वाढवत पुन्हा बघा. माप जमलं की रेंजवर कागद लावून त्याच्या मध्यावर दोन्ही नळ्यांचे वेगवेगळे बार काढा. लाकूडकाम परवानाधारक कारागिराकडूनच, आणि तेही कागदावर छर्रे कुठं बसले ते बघितल्यावर.