स्पॅनिश इंग्रजीला गिळणार नाही, चिंता उलटीच आहे

मार्च 2025 मध्ये ट्रम्प यांनी इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढला, तेव्हा आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोनच सूर लागले होते. एक, "बरोबरच आहे, ज्या देशात राहायचं त्याची भाषा बोला." दुसरा, "आता काय उपयोग? आणखी तीस वर्षांनी टेक्ससमध्ये इंग्रजी शोधत फिरावं लागेल." मी टेक्ससमध्येच राहते. मला दोन्ही पटत नाहीत, आणि दुसरं तर अजिबातच नाही.

वरवर पाहिलं तर भीती वाटावी असेच आकडे आहेत. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे लोक 4 कोटींच्या वर आहेत. ह्यूस्टनच्या कुठल्याही बांधकामावर, हॉटेलच्या भटारखान्यात, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये ती कानावर पडतेच. पण हा हौद गळका आहे. वरून स्थलांतराचा नळ चालू होता म्हणून तो भरलेला दिसत होता, इतकंच. प्यू रिसर्च या पाहणी संस्थेने 2023 मध्ये लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाच्या, लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात तिसऱ्या आणि पुढच्या पिढीतल्या साधारण दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की आपल्याला स्पॅनिशमध्ये धड गप्पा मारता येत नाहीत. म्हणजे आजी मेक्सिकोतून येते, आईला दोन्ही भाषा येतात आणि नातवाला आजीचं बोलणं अर्धंमुर्धं कळतं, उत्तर मात्र तो इंग्रजीतच देतो. वर त्याला नातेवाईक 'नो साबो' ("मला माहीत नाही"चं चुकीचं स्पॅनिश) म्हणून चिडवतात ते वेगळंच.

याचं उत्तम उदाहरण 2019 च्या जूनमध्ये मायामीत साऱ्या देशाने पाहिलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या इच्छुकांची पहिली वादचर्चा होती. टेक्ससचे दोघं मंचावर होते. आयरिश वंशाचे बेटो ओ'रूर्क पहिल्याच प्रश्नाला सराईतपणे स्पॅनिशमध्ये उत्तर देऊ लागले. आणि हुलियन कास्त्रो, ज्यांची आजी लहानपणी मेक्सिकोतून सॅन अँटोनियोला आली, त्यांचं स्पॅनिश मात्र बेताचं. लोकांनी कास्त्रोंची टिंगल केली. मला ती फार लागली, कारण त्यांच्या घरातून भाषा गेली ती आळसाने नव्हे.

टेक्ससने 1918 साली कायदाच केला होता की सरकारी शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं हा गुन्हा. पुढे कित्येक दशकं मुलांना मैदानावर स्पॅनिश बोलल्याबद्दल मार बसे. पश्चिम टेक्ससमधल्या मार्फा गावी मेक्सिकन मुलांसाठी वेगळी ठेवलेली ब्लॅकवेल शाळा होती. तिथे 1954 मध्ये मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेतले, त्या एका पेटीत घातल्या आणि 'मिस्टर स्पॅनिश'ला ध्वजस्तंभाजवळ रीतसर पुरलं. ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. त्या अंत्ययात्रेला उभी राहिलेली पोरं मोठी होऊन आईबाप झाली, तेव्हा त्यांनी आपल्या मुलांशी कुठल्या भाषेत बोलायचं ठरवलं असेल?

आणि "बाहेरून आलेली भाषा" हे म्हणणं तर या प्रदेशात फारच विनोदी आहे. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन स्पॅनिश लोकांनी 1565 मध्ये वसवलं, इंग्रजांचं जेम्सटाऊन 1607 चं. 1848 च्या तहाने मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेकडे गेला, माणसं होती तिथेच राहिली. कॅलिफोर्नियाच्या 1849 च्या राज्यघटनेत सगळे कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत छापण्याची अट होती. 1879 च्या घटनेत ती काढून टाकली.

जर्मनचं काय झालं हेही आठवावं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मध्य-पश्चिमेत जर्मन शाळा, जर्मन वर्तमानपत्रं, जर्मन चर्च होती. पहिलं महायुद्ध आलं आणि ती भाषा संशयित ठरली. नेब्रास्काने लहान मुलांना परकी भाषा शिकवण्यावर बंदी घातली. सुप्रीम कोर्टाने 1923 मध्ये ती रद्द केली, पण तोवर लोक घाबरून इंग्रजीकडे वळले होते. कोर्टात जिंकलेली भाषा घराघरातून हरली.

स्पॅनिशचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. शेजारी मेक्सिको आहे, पोर्टो रिको अमेरिकेतच आहे, स्पॅनिश टीव्ही आणि संगीताचा धंदा अवाढव्य आहे. फेब्रुवारी 2026 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, पोर्टो रिकोचा गायक बॅड बनी मध्यंतरात जवळजवळ सगळं स्पॅनिशमध्ये गायला. जर्मनला यातलं काहीच मिळालं नव्हतं. पण गाणं ऐकायला आवडणं आणि रात्री पोराला त्या भाषेत रागावता येणं यात फार अंतर आहे.

आता तर नळही बारीक झालाय. 2000 नंतर लॅटिनो लोकसंख्या वाढली ती स्थलांतरापेक्षा इथल्या जन्मांमुळे जास्त. त्यात कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या स्थलांतरितांची सध्याची धरपकड. सप्टेंबर 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रकरणात खालच्या कोर्टाने घातलेला मनाई हुकूम सुप्रीम कोर्टाने स्थगित केला. वंश, कामाची जागा, कामाचं स्वरूप आणि स्पॅनिश बोलणं एवढ्यावरूनच कोणाला अडवू नका, असा तो हुकूम होता. भर रस्त्यात स्पॅनिश बोलणं संशयाला पुरेसं ठरत असेल, तर कुठली आई पोराला "हळू बोल" म्हणणार नाही? अधिकृत भाषेच्या आदेशाची मला तेवढी धास्ती वाटत नाही. त्याने सरकारी खात्यांना अनुवाद बंद करायला भाग पाडलेलं नाही. आईचा तो दबलेला आवाज भाषेला जास्त मारतो.

मग भाषा टिकेल कुठे? माझ्या मते, शाळेत. आणि इथेच खरी गंमत, किंवा चीड आणणारी गोष्ट आहे. अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस स्पॅनिश अशा 'ड्युअल लँग्वेज' वर्गांवर गोऱ्या मध्यमवर्गीय आईबापांच्या उड्या पडतात. युटासारख्या कट्टर रिपब्लिकन राज्याने 2008 मध्ये कायदा करून असे वर्ग सुरू केले. आपले देशी पालकही मागे नाहीत, कॉलेजच्या अर्जाला बरं दिसतं ना! आमच्या ओळखीत कितीतरी मराठी मुलं आहेत ज्यांना आजीशी मराठीत चार वाक्यं जमत नाहीत, पण स्पॅनिशची 'एपी' (शाळेत असतानाच देता येणारी कॉलेजच्या पातळीची) परीक्षा पाचपैकी पाच गुणांनी पास आहेत. त्याच वेळी कित्येक शाळांत स्पॅनिश घेऊन आलेल्या मुलाला मात्र लवकरात लवकर इंग्रजीत ढकलायची घाई असते. एकाची स्पॅनिश हुशारी, दुसऱ्याची अडचण.

म्हणून माझा अंदाज असा. लॅरेडो, एल पासो ही मेक्सिकोच्या सीमेवरची शहरं आणि मायामी इथे स्पॅनिश बाजारात आणि घरात दोन्हीकडे राहील. आयोवा, नेब्रास्कातल्या मांस कारखान्यांच्या गावांतून ती दोन पिढ्यांत ओसरेल. आणि ह्यूस्टन, डॅलसच्या उपनगरांत ती हळूहळू शिकून घेतलेल्यांची भाषा होईल, घरातून मिळालेल्यांची नाही. हे टाळायचं तर ड्युअल लँग्वेजमधल्या निम्म्या जागा घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी खरोखर राखायला हव्यात, नुसत्या माहितीपत्रकात नव्हे. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत आपल्यातले फारसे कोणी मत द्यायला जात नाहीत. मी जाते, आणि उमेदवाराला पहिला प्रश्न हाच विचारते.