काकाजीची खंजिरी अन् माझं अपडेट

आमच्या मागच्या खोलीत आधी भाव येईस्तोवर कापूस भरून ठेवायचे, आता तिथंच भिंतींना जुन्या गाद्या अन् गोणपाट ठोकून मी भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. गावात त्याला स्टुडिओ म्हणतात, घरचे अजूनही कापसाची खोलीच म्हणतात.

मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला जायच्या आधी मंडळाला दोन भजनं पेनड्राइव्हमधी पाहिजे होती. सकाळी 8 ला सगळे येणार, अन् आदल्या रात्री कॉम्प्युटरनं विचारलं, अपडेट करू का? चार महिन्यांपासून मी 'नंतर'च दाबून राहिलो होतो, पण त्या रात्री लाइन गेली नव्हती, नेटही पळून राहिलं होतं, म्हटलं असा योग पुन्हा कधी यायचा, दाबलं अन् झोपलो.

सकाळी पाहतो तर कॉम्प्युटर नवरदेवासारखा नटलेला, अन् साउंडकार्ड, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमधी नेणारा डबा, गायब. म्हणजे कार्ड टेबलावरच होतं, दिवाही लागलेला, पण सिस्टिम ओळखच देईना. नवा पटवारी आला की मागच्यानं केलेला फेरफार त्याला दिसतच नाही ना, तसं. कार्ड अन् सिस्टिमच्या मधात ड्रायव्हर नावाचा दुभाषी असतो, त्याला फक्त जुन्या सिस्टिमची बोली येत होती. कार्डवाल्यांच्या साइटवर ठळक लिहिलेलं, नवा ड्रायव्हर येईस्तोवर अपडेट करू नका. हे वाचायचं मला अपडेट झाल्यावर सुचलं. (2019 मधी मॅकवाल्यांचं कॅटलिना नावाचं अपडेट आलं अन् 32 बिटची जुनी सगळी सॉफ्टवेअरं एका झटक्यात बंद पडली, तेव्हा मी लय हसलो होतो. ते हसणं आता फिटलं.)

खटपट करून सिस्टिमच्या साध्या ड्रायव्हरवर कार्ड चालू केलं, पण आवाज कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतडे. एरवी मी बफर, म्हणजे आवाज पुढं पाठवायच्या आधी कॉम्प्युटर जमवून ठेवते तो साठा, 128 सॅम्पलवर (आवाजाचे बारके तुकडे) ठेवतो, सेकंदाला 44,100 सॅम्पलच्या हिशोबानं जेमतेम 3 मिलिसेकंद. आता 2048 केल्यावर तडतड थांबली, पण आवाज जाताना 46 मिलिसेकंद अन् हेडफोनमधी परत येताना आणखी 46. एवढ्यानं काय होते, असं मला वाटलं.

खंजिरीवर काकाजी. वय 70 च्या वर, ताल असा पक्का की घड्याळ लावून घ्यावं. हेडफोन घातला, थाप मारली, ती कानात उशिरा आली. काकाजीला वाटलं आपण घाई करून राहिलो, म्हणून ते थांबून वाजवू लागले. ते थांबले म्हणून टाळकरी थांबले, टाळकरी थांबले म्हणून पेटीवाला प्रत्येक सुरावर मुक्काम करू लागला. 4 मिनिटांचं भजन साडेसहा मिनिटांवर गेलं, शेवटचं कडवं तर कोणाच्या तेरवीला बसल्यासारखं वाटे. मी काचेमागून हात हलवून राहिलो, ते समजले मी दाद देऊन राहिलो.

संपल्यावर ऐकवलं अन् मान खाली घातली.

"हेच ठेव," काकाजी म्हणाले. "आता कुठं शब्द समजून राह्यले."

दुसरं भजन कार्डवाल्यांचा ड्रायव्हर आल्यावर करू म्हटलं. तो तीन आठवड्यांनी आला, तोवर मोझरीहून परत येऊन झालं होतं, पण मंडळाची बोली दोन भजनांची होती. सगळं पहिल्यासारखं चोख, बफर 128. काकाजीनं दोन थापा मारल्या अन् हेडफोन काढून ठेवला.

"बाप्पा, मागच्या वेळचं ते हळू वाजवणारं मशीन काऊन काढलं?"